दोन कानांची तबकडी

जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या मधोमध चिकटवलेली ती गोल चिठ्ठी एकदा सावकाश वाचून पाहावी. तीवर गायकाचे नाव असते, रागाचे असते, कधी तालाचेही असते, आणि कंपनीचे तर चांगले ठसठशीत असते. तबला कोणी धरला होता, हे बहुधा नसते. तो सारा मेळ मेणावर ज्याने उतरवून घेतला त्याचे नाव तर शोधूच नये. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गायसबर्गच्या भोंग्यापुढे गौहरजान गायिली आणि गाणे संपताच तिने स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोवरला. कोणाची तबकडी कोणती हे तिथल्या कारागिरांना कळावे, म्हणून हा पुकारा. ज्यांच्यासाठी तो होता त्यांची नावे मात्र आपल्या कानांवर कधी आली नाहीत.

हे ऋण थोडेफार फेडण्याची रीत अमेरिकेत पडली आहे. ग्रॅमी पारितोषिके १९५९ मध्ये सुरू झाली ती ध्वनिमुद्रणाच्या कामगिरीचा वाटा ठेवूनच. पुढे १९९४ पासून तंत्रातल्या मोठ्या कामगिरीसाठी निराळा सन्मान देण्यात येऊ लागला. त्याच्या यादीत माणसे आहेत, तशा कंपन्याही आहेत. १९९९ मध्ये मायक्रोफोन बनवणाऱ्या नॉयमन कंपनीला तो मिळाला, २००२ मध्ये ॲपलला. कंपनीच्या गळ्यात हार घातला म्हणजे तो नेमका कोणाच्या गळ्यात पडतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण तो तूर्त राहू द्या. २०१७ मध्ये हा सन्मान ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियराला देण्यात आला. घेणारा जाऊन तेव्हा ७५ वर्षे झाली होती.

उशीर झाला, ही माझी मुख्य तक्रार नव्हे. माझी तक्रार अशी की, ज्या गोष्टीसाठी त्याला हार घातला ती आणि त्याने जे खरोखर केले ते, या दोहोंत बरेच अंतर आहे. आणि हे अंतर दाखवणे हे टीकाकाराचेच काम आहे.

ब्लमलाइनचा जन्म १९०३ चा. १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला; १९३१ मध्ये ती आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वाली ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन ईएमआय झाली. म्हणजे आपल्या माजघरात ज्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या वाजत, त्याच घराण्यातला हा माणूस. असे सांगतात की, १९३१ मध्ये तो पत्नीसह बोलपट पाहायला गेला असता त्याला एका गोष्टीचा त्रास झाला. नट पडद्याच्या डाव्या टोकाला जाई, पण त्याचा आवाज मधल्या एकाच कर्ण्यातून येत राही. आवाजाने माणसामागे चालत जावे अशी युक्ती आपल्याला सापडली आहे, असे तो पत्नीला म्हणाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात ७० कलमे होती.

युक्तीचे मूळ समजायला यंत्रशास्त्र लागत नाही. दिवाळीच्या रात्री डोळे मिटून गच्चीवर उभे राहावे. फटाका उजवीकडच्या आळीत फुटला की डावीकडच्या, हे न पाहता सांगता येते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो. डाव्याला तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उशिराने, आणि मध्ये डोके आल्यामुळे जरा मंद होऊन मिळतो. एवढ्याशा फरकावर आपले दिशेचे ज्ञान चालते. हा फरक जपून ठेवायचा आणि श्रोत्यापुढच्या दोन कर्ण्यांतून त्याला परत द्यायचा, असा ब्लमलाइनचा विचार. त्याच्या पेटंटातल्या रचनांपैकी सर्वांत सुंदर रचना अगदी साधी आहे : दोन मायक्रोफोन एकाच जागी, परस्परांशी काटकोन करून ठेवायचे. प्रत्येकाला पुढचे आणि मागचे ऐकू येते, बाजूचे येत नाही. तबकडीवर या दोघांना दोन खाचा द्यायच्या नाहीत. एकाच खाचेच्या दोन उतारांवर दोन आवाज कोरायचे, प्रत्येक उतार ४५ अंशांचा. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत सर टॉमस बीचम मोझार्टची ‘ज्युपिटर’ सिंफनी बसवत असताना त्याने ती अशी मुद्रित केली. तबकडी बाजारात आली नाही. आधीच मंदीचे दिवस. दोन कर्ण्यांचा ग्रामोफोन घेणार कोण? मग ब्लमलाइन दूरचित्रवाणीकडे वळला, युद्ध आले, आणि ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे हॅलिफॅक्स विमान कोसळून तो गेला. वय ३८, नावावर १२८ पेटंटे. काम गुप्त, म्हणून मृत्यूचीही वाच्यता नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हा शोध एकट्याचा नव्हे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने १९३२ मध्येच स्टोकोव्स्कीच्या वाद्यवृंदाचे दोन मार्गांवर मुद्रण केले होते, आणि तिथल्या आर्थर केलरलाही एका खाचेत दोन आवाज कोरण्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांची खाच या दोघांनी कल्पिली होती तशीच होती.

पण खाच घेतली आणि कान टाकून दिले, असे मला म्हणायचे आहे. एका ठिकाणी ठेवलेले ते दोन मायक्रोफोन म्हणजे एका माणसाची बसायची जागा. तो कुठे बसला आहे, गाणारा त्याच्यापासून किती हातांवर आहे, भिंती किती दूर आहेत, हे सारे त्या मुद्रणात येते. व्यापाराने उचलले ते दोन कर्णे. १९६३ मधल्या बीटल्सच्या स्टीरिओ तबकड्यांत आवाज एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी आहे. भाऊ वेगळे निघाले, मध्ये भिंत घातली! पुढे तर प्रत्येक वाद्यापुढे स्वतंत्र मायक्रोफोन आला, आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे नंतर खुंट्या फिरवून ठरू लागले.

आपल्या ख्यालाचे तेच झाले. हल्लीचे स्टुडिओतले ध्वनिमुद्रण ऐकावे. गायकाचा श्वास आपल्या गालाला लागतो, तबल्याची शाई हाताशी येते, आणि दोन तंबोरे दोन टोकांना असे पसरलेले असतात की, जणू आपण दोहोंच्या मध्ये झोपलो आहोत. सारे स्वच्छ, सारे रेखीव. पण अशा जागी कोणी रसिक कधी बसला होता काय? मैफलीत गवयाच्या एका बाजूला तबला असतो, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तंबोरे. आणि तंबोऱ्यांचा नाद गवयाच्या आवाजाला मागून भिजवत पुढे येतो. तो वेगळा काढून बाजूला ठेवला की गाणे कोरडे पडते. ब्लमलाइनची रीत आपल्या बैठकीला फार मानवली असती, असे मला वाटते. तिला मागचेही ऐकू येत असल्यामुळे ‘वाहवा’सुद्धा तबकडीवर उतरली असती, तिच्यात एवढेच वैगुण्य की, मागे डावीकडे बसलेल्याची दाद उजवीकडून ऐकू येते. शिवाय तिथे चूक नंतर सुधारता येत नाही. तबला जड वाटला तर तबलजीला वीतभर मागे सरकायला सांगावे लागते. आधी बैठक जमवा, मग यंत्र चालू करा, असा तो शिरस्ता.

याचा अर्थ खुंट्या फिरवणाराला कला नसते, असा कोणी घेऊ नये. राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई हे आवाजांचे मिश्रण करण्यातले असे कलावंत होते की, सत्यजित राय आपले चित्रपट घेऊन त्यांच्याकडे मुंबईला येत. १९७५ च्या ‘शोले’त ठाकुराच्या घरात हत्याकांड होते तेव्हाची ती झोपाळ्याची करकर आठवावी. कोणत्याही अंगणात कोणत्याही माणसाने ती तशी ऐकली नसती. ती रचलेली आहे, आणि रचना म्हणून ती अस्सल आहे. चित्रपटात जागा निर्माण करायची असते. गाण्याला जागा आधीच असते, आणि ती पुसून दुसरी काढण्यापूर्वी निदान पहिली ऐकून तरी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे. आपल्याकडे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रकाचे नाव येते. शास्त्रीय गायनाच्या वेष्टनावर ते छापले असलेच तर तळाशी, बारीक टायपात. आणि गाण्याचे परीक्षण लिहिणारे आम्ही लोक तिथपर्यंत नजर नेत नाही. गवयाच्या खर्जाला आम्ही ‘घुमारा’ म्हणतो. तो गळ्याचा, खोलीचा की मायक्रोफोनचा, हे विचारत नाही.

ॲबी रोडला २०१५ पासून ब्लमलाइनच्या शोधाची स्मृतिपाटी आहे. तिच्याहून मला १९३५ मधला त्याचा एक प्रयोगपट अधिक आवडतो. तो आज कोणालाही पाहता येतो. गाणे नाही, नट नाहीत. काही माणसे रंगमंचावर बोलत बोलत इकडून तिकडे चालत जातात, पुन्हा परत येतात. त्यांचे आवाज त्यांच्याबरोबर चालतात.