मालवाहू जहाजाचें टपाल : एक पुरावा-परीक्षा

जुन्या कागदांचा संग्रह करणारास कागद अस्सल कीं बनावट, एवढें ठरवून थांबतां येत नाहीं. अस्सल कागद नेमकें काय सिद्ध करतो, हा त्याहून कठीण प्रश्न पुढें उभाच असतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमाराच्या जहाजांवरून आलेल्या लखोट्यांचा संग्रह करण्याची जी पद्धति रूढ झाली, तींत हा दुसरा प्रश्न बहुधा बाजूस पडतो, असें आमचें मत आहे. 'अल्चिबा' या मालवाहू जहाजाच्या उदाहरणानें तें स्पष्ट करण्याचा येथें विचार आहे.

अमेरिकन आरमारी जहाजांवर टपालकचेऱ्या उघडण्यास १९०८ सालीं कायद्यानें परवानगी मिळाली. तेव्हांपासून अशा जहाजांचे स्वतंत्र शिक्के दिसूं लागतात. वर्तुळांत जहाजाचें नांव व तारीख असे, आणि तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या रेघांमधील जागेंत पुष्कळदां बंदराचें नांव जुळवीत. डॉ. फ्रान्सिस लोसी यांनीं या शिक्क्यांची आकारावरून वर्गवारी केली. पुढें १९३२ सालीं या विषयास वाहिलेली युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी ही संस्थाहि स्थापन झाली. लोसी यांचें काम मोलाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु ती वर्गवारी ठसा कोणत्या प्रकारच्या शिक्क्याचा आहे एवढेंच सांगते. शांततेच्या काळांत नांव, स्थळ व तिथि हीं तिन्ही ठशांतच असल्यामुळें तेवढें पुरत असे.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका युद्धांत पडली आणि ही स्थिति पालटली. जहाजांच्या हालचाली शत्रूस कळूं नयेत म्हणून शिक्क्यांतून जहाजाचें व स्थळाचें नांव काढलें गेलें, 'यू. एस. नेव्ही' हीं अक्षरें व तारीख तेवढी राहिली. १ एप्रिल १९४२ पासून सैनिकांस साध्या पत्रांवरील टपालहंशील माफ झाला व तिकिटाच्या जागीं हातानें 'फ्री' असें लिहिण्याचा प्रघात पडला. हवाई टपालास मात्र सहा सेंटांचें तिकीट लागे. पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का व त्यांत त्याचीं आद्याक्षरें हीं आणखी एक खूण. जहाजाचें नांव उरलें तें डाव्या कोपऱ्यांत, पाठविणाराच्या हस्ताक्षरांत. खालीं पत्ता 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' असा. मोडी कागद हाताळणारांस ही अवस्था सहज उमगेल : मोर्तब आहे, पण तें कोणाचें हें ओळखण्यास हस्ताक्षर व मजकूर यांकडेच वळावें लागतें.

'अल्चिबा' १५ जून १९४१ रोजीं आरमाराच्या सेवेंत रुजू झालें. ७ ऑगस्ट १९४२ रोजीं ग्वाडलकॅनाल बेटावर फौजा उतरल्या, त्या कामगिरींत तें होतें. २८ नोव्हेंबर रोजीं त्याच बेटाच्या लुंगा पॉइंटजवळ एका लहान जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्यास लागला. पोटांत पेट्रोल व दारूगोळा! कप्तान फ्रीमन यांनीं जहाज किनाऱ्यावर नेऊन रुतविलें. आग कित्येक दिवस धुमसत होती. ७ डिसेंबर रोजीं दुसरा टॉर्पेडो लागला. तरीहि खलाशांनीं जहाज वांचविलें व त्यास राष्ट्राध्यक्षांचें मानपत्र मिळालें.

आतां समजा, कोपऱ्यांत 'अल्चिबा'चें नांव असलेला, ३० नोव्हेंबर १९४२ चा लखोटा एखाद्या संग्राहकाच्या हातीं आला. 'जळत्या जहाजावरील पत्र' असें त्याखालीं लिहिण्याचा मोह त्यास अनावर होईल. पण शिक्क्याची तारीख ही ठसा मारल्याची तारीख. पत्र आठवडाभर आधीं लिहिलेलें असूं शकेल. थैली दुसऱ्या जहाजावरील किंवा किनाऱ्यावरील कचेरींत गेलेली असूं शकेल. आणि शिक्क्यांत नांव नसल्यामुळें तें ठशावरून कळणार नाहीं. याचा निर्णय आंतील पत्र, लिहिणाराची हजेरीपटांतील नोंद व जहाजाची रोजनिशी यांच्या मेळानेंच व्हावयाचा. हजेरीपट व रोजनिशा अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जतन केल्या जातात. नष्ट होतें तें पत्र, आणि तें संग्राहकांच्याच हातून.

येथेंच आमचा मुख्य आक्षेप आहे. कित्येक जण शिक्क्यापुरता तुकडा कापून ठेवितात. म्हणजे ज्या कोपऱ्यांत जहाजाचें नांव तोच कचऱ्यांत जातो. कित्येक जण स्थळाचा उल्लेख नाहीं म्हणून आंतील पत्र निरुपयोगी समजतात. आणि पुष्कळांस संग्राहकांनींच मुद्दाम तयार करवून घेतलेले, चित्र छापलेले सुबक लखोटे अधिक प्रिय असतात. अशा लखोट्यावरून शिक्का अमुक दिवशीं वापरांत होता एवढें ठरतें. त्यांत कोणीं कोणास कांहीं कळविलेलें नसतें.

संग्राहक नसते तर हे कागद उरलेच नसते, असें यावर कोणी म्हणेल. तें खरें आहे. बनावट ठसे ओळखण्यास लोसी यांची वर्गवारी लागते, हेंहि खरें. पण राखणारानेंच कागदाची जीभ कापावी हें उचित नव्हे. लखोटा व पत्र एकत्र ठेवावें; टिपणांत जें दिसतें तें एका रकान्यांत व जें अनुमान तें दुसऱ्यांत लिहावें; आणि दुसरा रकाना रिता राहिला तर तो तसाच राहूं द्यावा.