सल्ला, शिफारस आणि नकाराचे स्थान

तज्ज्ञांनी मत द्यावे आणि शासनाने निर्णय घ्यावा, अशी कार्यविभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. वस्तुतः या दोहोंमधील सीमा कित्येकदा एखाद्या शब्दावर अवलंबून असते. ब्रिटनमधील लसीकरणविषयक संयुक्त समितीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

ही समिती १९६३ पासूनची. २००९ च्या नियमांनी तिच्या मताला इंग्लंडपुरते निराळेच वजन दिले. आरोग्यमंत्र्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून, खर्चाच्या मानाने होणारा लाभ सिद्ध करून समितीने राष्ट्रीय कार्यक्रमाविषयी ‘शिफारस’ केली, तर ती शक्य तितकी अमलात आणणे हे मंत्र्याचे कर्तव्य ठरले. या अटींत न बसणारे मत केवळ ‘सल्ला’ राहिले. मेनिंगोकोकस-ब या जंतूवरील लसीची शिफारस समितीने २०१४ मध्ये केली, तीही किफायतशीर किमतीच्या अटीवर. किमतीची वाटाघाट होऊन सप्टेंबर २०१५ पासून ती अर्भकांना मिळू लागली. अर्थात उत्तर बंधनकारक असले, तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार मंत्र्याकडेच राहतो, हे विसरता येत नाही.

मताच्या कक्षेचा प्रश्न सप्टेंबर २०२१ मध्ये तीव्रतेने पुढे आला. १२ ते १५ वर्षांच्या निरोगी मुलांना सरसकट कोविडची लस देण्याविषयी समितीने ३ सप्टेंबरला मत दिले. लाभ हा ज्ञात हानीहून किंचित अधिक आहे. परंतु हृदयस्नायूच्या दाहासारख्या दुष्परिणामांविषयी अनिश्चितता असल्याने सार्वत्रिक लसीकरणाला एवढे आधिक्य पुरेसे नाही, असा त्याचा आशय होता. शिक्षणादी सामाजिक परिणामांचा सखोल विचार आपल्या कक्षेबाहेरचा असून त्यासाठी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत घ्यावे, असेही तिने सुचविले. शाळा बुडण्याचा विचार जमेस धरून त्या अधिकाऱ्यांनी १३ सप्टेंबरला एका मात्रेची शिफारस केली. शासनाने ती स्वीकारली.

शासनाने तज्ज्ञांना डावलले, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. पण तो टिकणारा नाही. ‘शिफारस न करणे’ आणि ‘न करण्याची शिफारस करणे’ यांत नकाराचे स्थान भिन्न आहे, आणि म्हणून अर्थही भिन्न आहे. समितीचे विधान पहिल्या प्रकारचे होते. घरी लेकराच्या लसीचा विचार करणाऱ्या आईबापांना मात्र ते दुसऱ्या प्रकारचे वाटण्याचा संभव होता. दहाच दिवसांनी आलेला होकार मग त्यांना मतबदल वाटला, तर दोष त्यांचा नव्हे.

समितीने आपली मर्यादा प्रांजळपणे सांगितली, हे तिचे श्रेय होय. उणीव आहे ती व्यवस्थेत. मुलाचे आरोग्य आणि मुलाची शाळा कागदोपत्री वेगळी करता येतात. घरात ती एकत्रच नांदतात. शिवाय कक्षेची रेषा निवेदनाच्या ओघात सांगितली गेली की ती वाचकाच्या नजरेतून निसटते. म्हणून कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारलाच गेला नाही, हे उत्तराच्या आधी, ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. अन्यथा तज्ज्ञांचे अचूक वाक्यही लोकांपर्यंत चुकीचा अर्थ घेऊन पोहोचते.