‘माझे विद्यापीठ’ : एका रूपकाची मर्यादा

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘शाळेवाचून जीवनाने दिलेले शिक्षण’ असा सामान्यतः लावला जातो व त्यात अनुभवाचा गौरव पाहिला जातो. हा अर्थ अपुरा आहे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

शीर्षककवितेतील नालबंद याकूब हा या विद्यापीठातील एक गुरू होय. त्याच्या सहवासातील मुलगा पुढे नालबंद होत नाही. दंग्यात मेलेल्या याकूबचा शोक मात्र तो स्वतःचा मानतो. कष्टाच्या सान्निध्यात त्याला माणसाची ओळख झाली. उपजीविका लाभली नाही. कवीचे चरित्रही हेच सांगते. बालपणी गिरणीत राबलेले सुर्वे पुढे शाळेत शिपाई झाले, आणि शिक्षकाची जागा त्यांना मिळाली ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच.

परळ-लालबागच्या गिरण्यांतील शिकण्याची रीत ध्यानात घेतली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. गावाकडून आलेला तरुण नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने खात्यात शिरे, त्याच्या शेजारी उभा राहून तुटला धागा सांधण्यास शिके, आणि बदली कामगार म्हणून पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी तिष्ठत राही. कोणी गैरहजर असेल तरच त्या दिवसाची मजुरी. कसब स्वतःचे, पण काम दुसऱ्याच्या खाड्यावर अवलंबून! वर्धा योजनेत (१९३७) हस्तव्यवसाय निवडावयाचा तो मुलाला त्यातून काय शिकविता येईल हे पाहून. गिरणीत काम ठरे ते उत्पादनाच्या गरजेने. तेथील शिक्षण हे कामाच्या ओघात घडून येई इतकेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ही रीत मोडली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणगावच्या घरातले मुलगे या मोडलेल्या परंपरेचे वारस आहेत. गिरणीची वाट बंद झालेली. एकाला लेखक व्हावयाचे आहे, तर दुसरा टोळीच्या आश्रयाला जातो. अनुभवाची वाण त्यांना खासच नाही. अनुभव हेच विद्यापीठ असते, तर ही मुले केव्हाच पदवीधर ठरली असती. हाताशी धरून शिकविणारा माणूस आणि शिकलेल्याला दाम देणारे काम, या दोन्ही गोष्टींना ती मुकली आहेत.

सुर्व्यांची कविता शहरात हातांना काम असणार, हे गृहीत धरते. त्या काळी ते स्वाभाविकच होते. पवारांच्या नाटकात हे गृहीतच ढासळते. तेव्हा तरुणांना ‘अनुभवातून शिका’ असा उपदेश करताना जे या रूपकाचा आधार घेतात, त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ नंतर ‘अधांतर’ अवश्य वाचावे.