'दावार' : शब्द आणि वस्तू

हिब्रूतील 'दावार' या अगदी साध्या शब्दावर विसाव्या शतकातील साहित्यविचाराने फार मोठा भार टाकला. 'शब्द' आणि 'वस्तू' असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. एवढ्या कोशगत आधारावर थॉर्लाइफ बोमन यांनी १९५२ मध्ये हिब्रू व ग्रीक विचारपद्धतींचा विरोध उभा केला : 'दावार' कृतिशील, 'लोगॉस' व्यवस्था लावणारा. सूझन हँडलमन यांनी 'द स्लेयर्स ऑफ मोझेस' (१९८२) मध्ये रब्बींच्या अर्थनिर्णयनाचा धागा थेट देरिदांपर्यंत नेला, तेव्हाही ग्रीक 'ओनोमा' म्हणजे केवळ नाव, तर 'दावार'मध्ये शब्द व वस्तू अभिन्न, हा भेद त्यांना हाताशी लागला.

वास्तविक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच या युक्तिवादातील दोष दाखवून दिला होता. एखाद्या शब्दाचे सारे अर्थ त्याच्या प्रत्येक उपयोगात एकाच वेळी हजर असतात, असे मानता येत नाही. अर्थ वाक्यात ठरतो. 'दिव्रे हायामीम' या बायबलमधील ग्रंथनामात 'दावार' म्हणजे दिवसांच्या घडामोडी. 'द्वारीम' या ग्रंथनामात मोशेची वचने. वाचक गोंधळत नाही. मराठीत 'गोष्ट' सांगता येते आणि 'गोष्टी' विकतही आणता येतात. म्हणून मराठी मनाला कथा व पदार्थ यांतील भेद कळत नाही, असे कोणी म्हणत नाही. (संस्कृत 'अर्थ'विषयी मात्र अशी विधाने आपल्याकडेही अधूनमधून होतात.)

आजची बोली हिब्रू तर या तत्त्वज्ञानाची दखलही घेत नाही. 'एन दावार' म्हणजे 'काही हरकत नाही'. 'शूम दावार' म्हणजे 'काहीच नाही'. नित्य व्यवहारात 'शब्द' या अर्थी 'मिला' वापरतात. 'दावार'कडे मुख्यतः वस्तूच उरली आहे.

मग हँडलमन यांचे प्रतिपादन सर्वस्वी निराधार ठरते काय? तसे नाही. त्याचे बळ व्युत्पत्तीत नसून मिद्राशच्या रचनेत आहे. तेथे एका वचनाचा एक अर्थ सांगून झाला की 'दावार आखेर', म्हणजे 'दुसरी गोष्ट', असे म्हणून दुसरा अर्थ मांडला जातो. पहिला रद्द होत नाही आणि निवाडाही बहुधा होत नाही. अनेकार्थतेचा हा खरा पुरावा आहे, आणि तो कोशाबाहेरचा आहे. चिन्हक-चिन्हितांच्या ऐक्याची त्याला गरजच पडत नाही.

उलट, हाच शब्दप्रयोग तालमूदमध्ये डुकरासाठीही येतो. निषिद्ध प्राण्याचे नाव उच्चारावयाचे नाही, म्हणून 'ती दुसरी गोष्ट'. ज्या शब्दात नाम व वस्तू एकजीव असल्याचे सांगितले गेले, त्याचीच योजना येथे वस्तूला नामापासून दूर ठेवण्यासाठी झालेली आहे.