तिखट आवडतं, की ताटात तिखटच असतं?

स्वभाव, लिंगभाव आणि तिखटाची आवड यावर वाचायला घेतलंत की नादिया बायर्न्स आणि जॉन हेज यांचे पेपर टाळताच येत नाहीत. पेन स्टेट विद्यापीठातलं काम. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की थरार शोधणाऱ्या माणसांना तिखट जास्त आवडतं. २०१५ मध्ये त्यात भर घातली: बायकांमध्ये ही आवड थरारप्रियतेशी जास्त जुळते, पुरुषांमध्ये बक्षिसाच्या, कौतुकाच्या ओढीशी. म्हणजे ती स्वतःच्या मजेसाठी खाते, तो चारचौघांसाठीही. (शेवटचं वाक्य हा अर्थ लावणं आहे, मोजमाप नाही. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही एकाच दमात लिहू नका.)

काम नेटकं आहे. पण तीच प्रश्नावली मराठीत करून जळगाव-धुळ्यात फिरवायचा मोह होतो. शेवभाजी, ठेचा, काळ्या मसाल्याचा रस्सा. विषय घरचाच वाटतो ना! तिथेच घोटाळा आहे.

थरारप्रियता मोजायला त्यांनी अर्नेट यांची १९९४ ची वीस विधानांची मोजपट्टी वापरली. त्यात परदेशी माणसाशी लग्न, अनोळखी मुलखाचा शोध, पैसे लावून जुगार अशा गोष्टी येतात. आता हे साक्री तालुक्यातल्या पंचेचाळिशीच्या बाईला विचारा. ती ‘नाही’ म्हणेल. स्वभावात थरार नाही म्हणून, की तशी मुभा कधी मिळालीच नाही म्हणून? आकड्यात दोन्ही ‘नाही’ सारखेच. मग तुमच्या तक्त्यात येणार: थरारप्रियता कमी, तिखट भरपूर, संबंध शून्य. आणि त्यावर कुणीतरी लिहिणार की इथल्या बायका फक्त सवयीनं खातात, त्यांना स्वतःची आवड नसते. हे आपल्याच आया-मावश्यांबद्दल छापून येईल, आणि त्याचा आधार असेल एक न जुळणारी प्रश्नावली.

शिवाय त्या वीसांत एक विधान तिखट खाण्याबद्दलच आहे. ते काढल्याशिवाय सहसंबंध काढलात तर तिखटाचा तिखटाशीच संबंध लागेल.

दुसरी अडचण ‘किती वेळा खाता?’ या प्रश्नाची. जिथे सॉसची बाटली टेबलावर असते तिथे वारंवारता ही निवड असते. आपल्याकडे कालवण सगळ्या घराचं एक. मिरची किती पडणार हे ती ठरवते, पण कुणाच्या जिभेला धरून? पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका गावात गंमत केली होती: रोज तिखट उष्टं खाणाऱ्या कुत्र्या-डुकरांपुढे तिखट आणि बिनतिखट तुकडे ठेवले. त्यांनी तिखट पसंत केलं नाही. रोज खाणं वेगळं, आवडणं वेगळं.

मग खानदेशात निवड दिसते कुठे? वरून घेतलेल्या तिखटात. भाकरीबरोबर तोंडी लावायला उचललेली कच्ची मिरची, ताटात पुन्हा वाढून घेतलेला ठेचा. हिवाळ्यातल्या शेतावरच्या भरीत पार्टीत ‘मिरची बेतानं टाका’ म्हणणाऱ्याची जी टिंगल होते, तिथे पुरुषांबद्दलचा २०१५ चा दावा खरोखर तपासता येईल. तोच माणूस घरी एकटा जेवताना किती ठेचा घेतो, हे शेजारी मांडा. बायकांसाठीही तसंच: सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःच्या ताटात ती काय घेते? माझ्या मते हा प्रश्न वीस विधानांपेक्षा जास्त सांगेल.

फ्रान्समधल्या लोरॉं बेग आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या पेपरात आठवण विचारली नाही. ११४ पुरुषांनी बटाट्यावर किती तिखट सॉस घातला ते पाहिलं आणि टेस्टोस्टेरॉनशी संबंध दाखवला. पद्धत उचलण्यासारखी. पण नमुन्यात एकही बाई नाही, त्यामुळे ‘तिखट म्हणजे मर्दानी’ असा मथळा त्यातून निघत नाही.

आकडेमोडीचं एकच सांगतो. पुरुषांत सहसंबंध सार्थ आला आणि बायकांत नाही, म्हणजे दोघांत फरक सिद्ध झाला असं नाही. फरकाची चाचणी वेगळी करावी लागते, आणि तिला नमुना बराच मोठा लागतो.

ठेच्याची वाटी जेवणाआधी वजनकाट्यावर ठेवा, नंतर पुन्हा. आणि सगळ्यांना एकाच घाण्यातला ठेचा द्या; एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात.