अंतर्गुंफित चलांची आवर्तने : ‘ॲन्सिबल’च्या भाषेची समीक्षा (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेच्या संदर्भात)

प्रस्तावना :
मायकेल डिहान यांनी २०१२ मध्ये आणलेले ‘ॲन्सिबल’ हे अनेक सर्व्हरची रचना एकाच आज्ञावलीने करणारे प्रमुख साधन होय. २०१५ मध्ये ते रेड हॅट कंपनीकडे गेले. त्यातील ‘प्लेबुक’ कोणालाही वाचता येते, असा त्याचा लौकिक आहे. परंतु एका चलाच्या पोटात दुसरी यादी आली की हा लौकिक कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गंजिफेतील दोन रचना :
शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांच्या आश्रयाने सावंतवाडीच्या राजवाड्यात पुनरुज्जीवित झालेल्या दशावतारी गंजिफेत १० अवतार व प्रत्येकाची १२ पाने (राजा, प्रधान आणि एक ते दहा) अशी एकूण १२० पाने असतात. पाने रंगवून घेण्यापुरते पाहिल्यास हा साधा गुणाकार आहे. खेळताना मात्र निम्म्या अवतारांत दहाचे पान एक्क्याहून मोठे, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का दहाहून मोठा ठरतो. म्हणजे आतला क्रम बाहेरच्या अवतारावर अवलंबून असतो. पहिली रचना गुणाकाराची, दुसरी अवलंबनाची. दोन्ही अंतर्गुंफित दिसतात. पण त्या एक नव्हेत.

नावातील दोष :
‘ॲन्सिबल’मधील ‘विथ नेस्टेड’ हे रूप, नावात ‘नेस्टेड’ असूनही, केवळ गुणाकार करते. अवलंबनासाठी ‘सबएलिमेंट्स’ हे निराळे रूप आहे. समजा, चार वापरकर्ते असून प्रत्येकाच्या दोन प्रवेशकिल्ल्या आहेत. योग्य नोंदी ८ होत. परंतु वापरकर्त्यांची व किल्ल्यांची यादी वेगळी करून गुणाकार केल्यास ३२ नोंदी होतात, आणि २४ ठिकाणी एकाच्या खात्यात दुसऱ्याला प्रवेश मिळतो. आज्ञावली कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते. दुसऱ्यांदा चालविल्यास ‘बदल नाही’ असेच सांगते. येथे नावातील संदिग्धता थेट सुरक्षेच्या प्रश्नाला भिडते.

‘आयटेम’चा लोप :
‘सबएलिमेंट्स’ दोनच पातळ्या सांभाळते. तिसऱ्या पातळीसाठी सामान्यतः आतले काम वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती आवर्तनाने बोलवावी लागते. बाहेरच्या व आतल्या दोन्ही आवर्तनांत चलाचे नाव मुळात ‘आयटेम’ असल्याने आतले मूल्य बाहेरच्यास झाकते. अशा वेळी साधन इशारा देते, पण थांबत नाही. गंजिफेच्या चिताऱ्याने हा प्रश्न चित्रातच सोडविला आहे : मत्स्याच्या तिर्रीवर तीन मासे असतात. अंक आणि अवतार एकाच खुणेत राहतात; एक वाचताना दुसरा हरवत नाही.

समर्थनाचा विचार :
हे साधन इच्छित स्थिती सांगण्यासाठी आहे, ती प्रोग्रामिंगची भाषा नव्हे. म्हणून आवर्तनांवरील मर्यादा हेतुपुरस्सर आहे, असे समर्थन करता येईल. त्यात तथ्य आहे. चलाला स्वतंत्र नाव देण्याची सोय २.१ या आवृत्तीत झाली व २.५ या आवृत्तीत (२०१८) ‘लूप’ हे एकसंध रूप आले, हेही मान्य केले पाहिजे. ‘सबएलिमेंट्स’ला एखाद्या वापरकर्त्याची आतली यादी सापडली नाही तर ते मुळात त्रुटी दाखवून थांबते, ही शिस्त स्तुत्य आहे. तथापि जुनी रूपे रद्द झालेली नाहीत, आणि स्वतंत्र नाव देणे ऐच्छिकच राहिले आहे. मर्यादा हेतुपुरस्सर असली, तरी मर्यादेचे नाव दिशाभूल करणारे असू नये.

निष्कर्ष :
आज्ञावली वाचता येणे आणि तिचा अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अध्यापकांनी आवर्तनाचे व्याकरण शिकविण्यापूर्वी आतली यादी बाहेरच्या घटकावर अवलंबून आहे की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. प्रत्येक पातळीच्या चलास अर्थपूर्ण नाव देणे प्रात्यक्षिकात अनिवार्य करावे. आणि आज्ञावली चालविण्यापूर्वी अपेक्षित नोंदींची संख्या हाताने मोजून घ्यावी. ८ आणि ३२ यांतील फरक यंत्र दाखवून देत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो.