परदेशी पैसा पडद्यावर दिसतो का?

चित्रपटावर पीएच.डी. करायची म्हटलं की एक वाक्य लवकरच कानावर येतं: ‘परदेशी पैसा आला की मराठी चित्रपट गावाचं दुःख विकतो.’ वाक्य दमदार आहे. उद्या तुम्ही ते सिनॉप्सिसमध्ये लिहिलं, तर आरआरसीसमोर टिकेल का? आज तेवढंच तपासू.

उदाहरण घेऊ रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चं. भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशी त्याची सहनिर्मिती. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे बालमित्र बाळ्या भेटतो आणि दोघांत हळुवार प्रेम उमलतं. आपल्या वऱ्हाडात बोंड म्हटलं की कापूस आठवतो. हे बोंड मात्र निवडुंगाचं. वरून काटे, आत गोडवा.

आता बघा, यात मृत्यू आहे, लग्नाचा तगादा आहे. तरी कॅमेरा कुणाची कीव करत नाही. आनंदची आई मुलाला समजून घेते, आणि तेही फारसा गाजावाजा न करता. ‘दुःख विकणारा’ हा शिक्का इथे बसत नाही.

एका चित्रपटावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हीच म्हणाल. म्हणून तुलनेला आपल्या भागातले दोन घ्या. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आहे; नवरा जीव देईल या धास्तीत बायको त्याच्यावर नजर ठेवते. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात घडतो. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांतला अपमान पुन्हा पुन्हा दाखवतो. 2023 मध्ये टोरांटोला त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. दोघांचेही निर्माते भारतीय. म्हणजे गावाचं दुःख ठळक आहे ते देशी निर्मितीत, आणि परदेशी भागीदार असलेला चित्रपट त्यामानाने कोमल! बरं, या दोघांनीही दुःख ‘विकलं’ असं म्हणणं अन्यायाचंच होईल. विषय बघून पैसा ओळखता येत नाही, एवढंच यातून निघतं.

मग परदेशी भागीदारीचा माग कुठे काढायचा? एक तर लयीत. ‘साबर बोंडं’मधली स्थिर, लांब दृश्यं महोत्सवाच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटतात. ही दिग्दर्शकाची निवड की महोत्सवी वळण, हा खरा अभ्यासाचा प्रश्न. दुसरं, कागदपत्रांत. इथे बरेच जण गडबडतात. महोत्सवाच्या यादीत तीन देशांची नावं असणं वेगळं आणि सरकारी करारानुसार मान्यता मिळालेली सहनिर्मिती वेगळी. भारताचे ब्रिटनशी (2005) आणि कॅनडाशी (2014) असे करार आहेत. मान्यता मिळाली की चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी धरला जातो आणि तिथल्या सवलतींना पात्र ठरू शकतो. भारतानेही नोव्हेंबर 2023 मध्ये प्रोत्साहनाची मर्यादा पात्र खर्चाच्या 40 टक्के, कमाल 30 कोटी रुपयांपर्यंत नेली. तेव्हा प्रत्येक चित्रपटाला तीन प्रश्न विचारा: पैसा कोणत्या टप्प्यावर आला? हक्क कुणाकडे राहिले? शेवटचं संकलन कुणी मान्य केलं?

‘सहनिर्मितीचा मराठी चित्रपटावर परिणाम’ असा विषय घेऊ नका. अशा मराठी चित्रपटांची संख्या थोडी आहे. ‘परिणाम’ मोजायला ती पुरणार नाही. एक चित्रपट घ्या, जोडीला परदेशी भागीदार नसलेला दुसरा घ्या, आणि दोन्हींतली एकच गोष्ट ताडून पाहा. उदाहरणार्थ, घरातलं दुःख दाखवताना कॅमेरा किती जवळ जातो. विषय छोटा वाटेल. पण आरआरसीत प्रश्न आला, की तुमच्याकडे दृश्यागणिक उत्तर असेल.